ज्याचं त्याचं पान

परवा भाची आली होती. तिने मोबाईलवर एक जाहिरात दाखवली. आपलं वय, वजन, झोप, कामाचं स्वरूप, घराण्यात कुणाला काय दुखणी आहेत ते सगळं भरून द्यायचं, की 'खास तुमच्यासाठी' आहाराचा तक्ता येतो. तक्त्यात ज्वारी, नाचणी, अळीव, मूग, ताक असं सगळं आपल्याच घरातलं. महिन्याचे पैसे मात्र चांगले दणदणीत! "मावशी, बघ ना, प्रत्येकाला वेगळं. किती नवीन कल्पना आहे!" असं ती म्हणाली आणि माझ्यातली इतिहासाची बाई जागी झाली. (निवृत्त होऊन पंधरा वर्षं उलटली, तरी ती मधूनमधून जागी होतेच.)

प्रत्येकाला वेगळं, ही जर आज नवीन गोष्ट वाटत असेल, तर मध्ये केव्हातरी सगळ्यांना सारखं झालेलं असणार. ते केव्हा झालं आणि कुणी केलं, याचा विचार करत बसले. त्यातून जे सुचलं ते लिहिते आहे.

आधी एक अडचण बाजूला सारू. 'देशी अन्न', 'आपल्या मातीतलं अन्न' हे शब्द हल्ली फार ऐकू येतात. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातले शेतकरी तिथे राहत होते. म्हणजे आपले आद्य मराठी शेतकरीच म्हणा ना! त्यांचं मुख्य धान्य होतं बार्ली, म्हणजे सातू. आणि जी ज्वारी आपल्याला आपली वाटते, ती मूळची आफ्रिकेची. बाजरीही तिकडचीच आणि नाचणीही. हजारो वर्षांपूर्वी येऊन इथलीच झाली ती. मिरची तर पोर्तुगीजांच्या मागून आली. उपासाचं ताट घ्या. बटाटा, रताळं, शेंगदाणा, राजगिरा आणि ज्याच्यापासून साबुदाणा होतो तो टॅपिओकाचा कंद, सगळे मूळचे अमेरिका खंडातले. एकादशीला आपण खरं तर निम्मी अमेरिका जेवतो! तेव्हा बियाणं कुठलं यावर मी फारशी अडून बसत नाही. अन्न कुणाला, केव्हा आणि कसं द्यायचं याची जी समज होती, तिच्याबद्दल मला बोलायचं आहे.

चरकसंहितेच्या विमानस्थानात पहिल्याच अध्यायात आहाराचा विचार करताना आठ गोष्टी सांगितल्या आहेत. प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. पदार्थ मुळात कसा आहे, त्याच्यावर संस्कार कोणते केले, कशाबरोबर खाल्ला, किती खाल्ला, कुठे, केव्हा, कोणत्या रीतीने, आणि सगळ्यात शेवटी, खाणारा कोण. त्या खाणाऱ्याला कशाची सवय आहे त्यालाही एक शब्द आहे, ओकसात्म्य. म्हणजे सवयीने अंगी लागलेलं. एखादी गोष्ट ग्रंथाप्रमाणे कितीही उत्तम असो, ती या माणसाच्या अंगी लागते का, हे बघायचं.

आमच्या घरात अर्थातच चरक कुणी वाचलेला नव्हता. आजीला तर अक्षरओळखही नव्हती. पण सोलापूर जिल्ह्यातल्या त्या घरात एका चुलीवर एकाच वेळी तीन-चार तऱ्हा शिजत. औताला जाणाऱ्यांना जाड भाकरी, शेंगाचटणी आणि कांदा. आजोबांना दात नव्हते, त्यांना दुधात कुस्करलेली भाकरी, नाहीतर ज्वारीच्या कण्या. कुणाला ताप असेल तर पेज किंवा मुगाचं कढण, आणि तोंडाला चव आली की मग हुलग्याचं माडगं. बाळंतीण घरात असली की तिचं सगळंच निराळं. बाजरीची भाकरी, शेपू, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, जेवण झाल्यावर बाळंतशोपा. तेही सरसकट नाही. एखादीला उष्णता होते म्हणून अळीव कमी, एखादीला दूध कमी म्हणून खसखस-खोबरं जास्त. या सगळ्याचा तक्ता कुठे लावलेला नव्हता.

सगळ्यात बारीक हिशोब असे तो बाळगुटीचा. हिरडा, बेहडा, वेखंड, सुंठ, मुरुडशेंग, जायफळ, हळकुंड सहाणेवर उगाळायची. महिन्याच्या बाळाला कशाचे किती वळसे, चौथ्या महिन्यात किती, पोट कडक असेल तर मुरुडशेंगेचे किती वाढवायचे, झोप नसेल तर जायफळाचा किती. जायफळाच्या बाबतीत आजी फार कडक होती. अर्धा वळसा म्हणजे अर्धाच. माप ग्रॅममध्ये नव्हतं, पण माप होतं, आणि ते त्या विशिष्ट बाळाचं होतं. आजचे बालरोगतज्ज्ञ सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नका म्हणून सांगतात, आणि ते त्यांनी सांगायलाच हवं. सहाण किती स्वच्छ होती, पाणी कुठलं होतं, हे आजीच्या हिशोबात नव्हतं. मी गुटीची वकिली करत नाहीये. एका अशिक्षित बाईच्या डोक्यात घरातल्या प्रत्येक पोटाची वही होती, एवढंच सांगते आहे.

सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त नावाच्या मराठी पंडिताने 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. तंजावरला व्यंकोजी राजांची राणी दीपाबाई यांचा त्याला आश्रय होता. भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी त्याच्यावर लिहिलेलं आहे. ग्रंथ संस्कृत, पण पदार्थांची नावं जागोजागी मराठीत दिलेली. आणि कुठलं अन्न कसं करतात याच्या जोडीला ते शरीरात काय करतं, हेही सांगितलेलं. पंडितांची वही आणि आजीची वही एकमेकींपासून फार लांब नव्हत्या, असं मला वाटतं.

आता त्या वहीची दुसरी बाजू. सगळ्यांचं बघून झाल्यावर उरलंसुरलं बायकांचं. आजीच्या वहीत तिचं स्वतःचं पान नव्हतंच. बाळंतिणीला सव्वा महिना जे कौतुक मिळे ते पुढल्या बाळंतपणापर्यंत पुन्हा नाही, आणि मुलगी झाली तर ते कौतुकही आखडतं. शिवाय ही वही ज्याच्या कणगीत धान्य आहे त्याच्या घरची. आमच्या शेतावर जे कामाला येत त्यांच्या घरी जे मिळेल ते, हाच तक्ता होता. १९६० साली हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेतल्या गोपालन आणि श्रीकांतिया यांनी पेलाग्रावर महत्त्वाचं संशोधन प्रसिद्ध केलं. कातडी काळवंडून सोलवटते, जुलाब होतात, पुढे डोक्यावर परिणाम होतो असा हा आजार. दख्खनच्या पठारावर जे गरीब लोक जवळजवळ नुसत्या ज्वारीवर जगत, त्यांच्यात तो आढळत होता. ज्वारीत ल्युसिन नावाचा घटक जास्त असल्याने असं होतं, असं त्यांनी मांडलं. त्यावर पुढे वाद झाला. पण सोबत डाळ, दूध, भाजी काही नसेल तर 'आपली ज्वारी'सुद्धा माणसाला आजारी पाडते, हे त्यांनी पाहिलेल्या रोग्यांच्या अंगावर लिहिलेलंच होतं. ज्वारीचे गोडवे गाणाऱ्या लेखांत हे मला क्वचितच वाचायला मिळतं.

तर आता सगळ्यांना सारखं केव्हा झालं?

माझ्या मते ती गोष्ट १८७७ पासून सांगायला हवी. १८७६ ते ७८ चा दख्खनचा दुष्काळ. पन्नास लाखांहून जास्त माणसं त्यात गेली. आमचा सोलापूर जिल्हा त्यात होरपळला. सरकारने दुष्काळी कामं काढली आणि पाहणीसाठी सर रिचर्ड टेंपल यांना पाठवलं. या टेंपलसाहेबांनी त्याआधी १८७३-७४ साली बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणून मुक्तहस्ते वाटला होता आणि माणसं वाचवली होती. त्याबद्दल शाबासकी मिळण्याऐवजी उधळपट्टी केली म्हणून त्यांच्यावर टीका झाली. या वेळी त्यांनी हात आखडला. दिवसभर खडी फोडणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्य, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम, आणि वर किरकोळ पैसे. मद्रास इलाख्याचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी याला कडाडून विरोध केला. एवढ्यावर कष्टाचं काम करणारा माणूस टिकणार नाही, हे ते आकड्यांनिशी सांगत राहिले. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामावर जायचंच सोडलं. त्यांची बाजू सरकारपुढे मांडली ती पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे आपल्या सार्वजनिक काकांच्या सभेने. शाळेत हा धडा शिकवताना मी मुलांना साडेचारशे ग्रॅम ज्वारी तराजूत घालून दाखवत असे. शेतकऱ्यांची मुलं ती. बघताक्षणी म्हणायची, "बाई, एवढं तर माझा बाप एकटाच सकाळच्याला खातो!"

इथे पहिल्यांदा, निदान आपल्या भागात, माणूस न बघता पोट मोजलं गेलं. पुढे १८८० साली दुष्काळ आयोगाचा अहवाल आला, फॅमिन कोड तयार झाले आणि मोजणी जरा सुधारली. पुरुष, बाई, मूल, काम करणारे, काम न करणारे असे वर्ग पडले. हे बरंच झालं. त्या कोडांमुळे पुढच्या दुष्काळांत कितीतरी जीव वाचले असतील. पण वर्ग म्हणजे माणूस नव्हे.

मग विज्ञान आलं. निलगिरीत कुन्नूर इथे मॅककॅरिसन नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १९२० च्या दशकात उंदरांना हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या लोकांचे आहार खायला घातले. एका गटाला शिखांचा, एकाला पठाणांचा, एकाला मराठ्यांचा, एकाला बंगाल्यांचा, एकाला मद्रासी. शीख उंदीर सगळ्यांत धष्टपुष्ट झाले, मागोमाग पठाण आणि मराठे, आणि मद्रासी उंदीर शेवटचे. आमच्या एका सहकारी शिक्षकांना हे सांगितलं तेव्हा ते मराठा उंदरांचा तिसरा नंबर ऐकून नाराज झाले होते. असो. १९३७ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या आयक्रॉइड यांनी हिंदी अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली, हेल्थ बुलेटिन क्रमांक २३. हे फार मोठं काम होतं. आपल्या ज्वारीत, नाचणीत, हुलग्यात काय आहे ते छापील आकड्यांत सर्वांना मिळालं. त्याच परंपरेत पुढे 'उपभोग एकक' नावाचा प्रकार आला. बैठं काम करणारा पुरुष म्हणजे १, बैठं काम करणारी बाई म्हणजे ०.८. हे वाचल्यावर मला आजी आठवली. ती बैठी कुठे होती?

१९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं. १९५६ मध्ये अमेरिकेशी पी. एल. ४८० चा करार झाला, आणि १९६६ साली तर एका वर्षात जवळजवळ एक कोटी टन धान्य बाहेरून आलं. इकडे १९६४ मध्ये सीएसएच-१ ही पहिली संकरित ज्वारी आली. आमच्याकडे तिला नुसतं 'हायब्रीड' म्हणत. पीक भरघोस, पण पावसात सापडली की दाणा काळा पडायचा, आणि मालदांडीच्या भाकरीची चव तिला नाही ती नाहीच. मग १९७२ आला.

त्या वर्षी मी एकवीस वर्षांची होते. आमच्या भागात सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळपास पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडायची, नालाबंडिंग, पाझर तलाव. आमच्या घरातलीही माणसं गेली, काही लाज नाही त्यात. रेशनला मिलो यायचा, अमेरिकेची लाल ज्वारी. कामावर सुकडी मिळायची, गोडसर, भुसभुशीत. घण मारणाऱ्या गड्याला तेवढीच, अंगावर पाजणाऱ्या बाईला तेवढीच, दात नसलेल्या म्हातारीलाही तेवढीच. सुकडीने माणसं जगवली यात शंका नाही. १८७७ मध्ये जे झालं ते १९७२ मध्ये झालं नाही. त्या प्रमाणात माणसं मेली नाहीत. सरसकट मापाचा हा मोठेपणा नाकारणारा माणूस दुष्काळ न पाहिलेला असतो.

पण मला आठवतं ते पुढचं. घरी मिलो आला की आजी आधी तो निवडून, धुऊन वाळवायची. त्याची भाकरी थापताना तुटायची म्हणून पीठ आधणाच्या पाण्यात मळायची. आजोबांसाठी त्याच्याच कण्या काढून रात्रभर ताकात आंबवायची, ताक असेल तेव्हा. धाकट्या चुलत भावाला संग्रहणीसारखं झालं होतं. त्याच्यासाठी मिलो भाजून, बारीक दळून, वस्त्रगाळ करून त्याची पातळ लापशी करायची. सुकडीचं आम्ही आणलेलं पुडकं ती पाण्यात भिजवून शेजारच्या म्हातारीला देई, कारण ती कोरडी तिला गिळवत नसे. अमेरिकेत हा मिलो मुख्यतः जनावरांना घालतात, असं आमचे काका रागाने सांगत. आजीला अमेरिका कुठे आहे हे ठाऊक नव्हतं. आलेलं धान्य घरातल्या कुणाला कसं सोसेल, एवढंच ती बघत होती. माझ्या दृष्टीने आपली अन्नपरंपरा म्हणतात ती हीच, आणि ती त्या लाल परक्या दाण्यांतही चालू होती.

पुढे शिक्षिका म्हणून मी पुन्हा एकदा मापाच्या बाजूला उभी राहिले. १९९५ मध्ये शाळांत पोषण आहार योजना आली. सुरुवातीला आमच्याकडे हजेरी ऐंशी टक्के भरली की महिन्याला तीन किलो तांदूळ घरी द्यायचा. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्नच द्या म्हणून आदेश दिला आणि मग खिचडी सुरू झाली. पहिली ते पाचवी डोई शंभर ग्रॅम धान्य, सहावी ते आठवी दीडशे. ज्वारीच्या मुलखातल्या मुलांना रोज तांदूळ! सुरुवातीला पोरं खूश, कारण भात म्हणजे सणाचं जेवण. रजिस्टरला रकाने दोनच, हजर किती आणि शिजवलं किती. मात्र आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ज्या मावशी होत्या, त्यांचं एक तिसरं रजिस्टर होतं. ते कुठे लिहिलेलं नव्हतं. कोण रात्रीचा उपाशी आला आहे ते त्यांना रांगेतच कळे, त्याच्या ताटात डाव जरा खोल जायचा. कुणाचं पोट बिघडलं असेल त्याला वरची पातळ. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी, सगळ्यांना समान वाढत नाही म्हणून, त्यांना माझ्यादेखत झापलं होतं. साहेबांचंही चूक नव्हतं म्हणा. डाव खोल जायचा की उथळ, हे जात बघून ठरणाऱ्या शाळाही त्यांनी पाहिल्या असणार, आणि तिथे समान माप हाच एक आधार असतो. मावशींना मी पुढे काही बोलले नाही. त्यांनीही आपलं रजिस्टर बदललं नाही.

आता चक्र उलट फिरलं आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये भरडधान्यांना 'पौष्टिक धान्य' म्हटलं. २०२३ हे जगभर भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं आणि त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात त्यांना 'श्री अन्न' असं नाव मिळालं. आमच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांचं बियाणं घरात जपलं, त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. हे सगळं पाहून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू! राहीबाईंना शाळेचं तोंडही बघायला मिळालं नव्हतं, आणि कुठलं वाण कशासाठी चांगलं हे त्यांना तोंडपाठ. आमच्या आजीच्या वहीचं एखादं पान तरी सरकारदरबारी वाचलं गेलं म्हणायचं.

पण बाजारात जाऊन बघा. जी ज्वारी गरिबाची म्हणून हिणवली जायची, ती आता रेशनच्या गव्हा-तांदळापेक्षा कितीतरी महाग. रेशनचं धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत आहे आणि ते घेणाऱ्यांच्या पिशवीत बहुतेक गहू-तांदूळच असतो. भाचीच्या तक्त्यातली भाकरी तिला परवडते, ती अवश्य खावी.

माझ्याकडे धुण्याभांड्याला येतात त्या बाईंच्या यजमानांना गेल्या वर्षी साखर निघाली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी भात बंद करा, ज्वारीची भाकरी खा म्हणून सांगितलं. बाई दर महिन्याला थोडी ज्वारी विकत घेतात, फक्त त्यांच्यापुरती. म्हणजे त्या घरात आता पुन्हा दोन तऱ्हेचं शिजतं. यजमानांना दोन वेळा भाकरी, मुलांना डब्याला रेशनच्या गव्हाच्या चपात्या, आणि उरलेला भात बाईंना. मागच्या महिन्यात बोलता बोलता कळलं, की साखर त्यांनाही आहे.